फ्यूज उडाला, पण का?

एमएच-२० पाटीच्या मारुती ८०० आणि ओम्नी गंगापूर-लासूर रस्त्यावर अजून दिसतात. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी वाढवताना फिटनेस बघतात खरं, पण डॅशबोर्डमागच्या वायरी उघडून पाहणं मालकावरच येतं.

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. बल्ब किंवा हॉर्न वाचवणं हे त्याचं काम नाही. वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट वाहू लागला की आधी फ्यूजमधली पट्टी वितळते. १० अँपिअरच्या जागी ३० चा बसवला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. डब्याच्या झाकणावर कुठे किती ते लिहिलेलं असतं. पुसलं असेल तर गाडीचं पुस्तक शोधा. आधी कुणी बसवलाय त्यावर विसंबू नका.

तपासायला टेस्ट लॅम्प पुरतो. चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा, चावी फिरवून ज्या दिव्याचा फ्यूज तपासायचा तो दिवा चालू करा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही बारीक टोकांना सुई टेकवा. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला.

जास्त वॅटचे हेडलाइट बल्ब हा आपल्याकडचा आवडता उद्योग. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर ओढतात, १०० वॅटचे दोन जवळपास १७. कंपनीची वायर आणि स्विच तेवढ्यासाठी केलेले नसतात. बसवायचेच असतील तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा.

एक दोष मात्र फ्यूजला कळतच नाही. कपलर सैल झाला की सांध्यात अडथळा येतो; करंट वाढत नाही, पण सांधा तापतो. म्हणून दिवे थोडा वेळ लावून ठेवा, मग बंद करून कपलर हाताने चाचपा. तपकिरी पडलेला, मऊ झालेला कपलर बदलायचाच. टेप गुंडाळून भागत नाही.

इंजिनकडून आत येणाऱ्या वायरी पत्र्याच्या भोकातून जातात. तिथलं रबर कडक होऊन फुटलं की पत्रा वायर घासतो. शेतवस्तीवर उभ्या असणाऱ्या गाडीत उंदीरही बघा. हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

नवा फ्यूज लगेच उडत असेल तर एकामागून एक फ्यूज जाळू नका. त्या वायरीवरचे सगळे बल्ब, मोटर सोडवा आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. तो झगझगीत पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. एकेक वळण हलवत जा; बल्ब विझेल तिथे दोष.