स्क्रीन रीडर आणि ट्रॅकपॅडवरील बोटांच्या खुणा

स्क्रीन रीडर ही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी अथवा ब्रेलमध्ये उमटवणारी संगणकप्रणाली होय. तिच्या आधारे काम करणारी दृष्टिहीन व्यक्ती लॅपटॉप मुख्यतः कळफलकावरून चालवते. कळफलकाखालील ट्रॅकपॅडवर (टचपॅडवर) टंकन करताना तळहात टेकल्यास तो स्पर्श क्लिक समजला जाऊ शकतो. मग फोकस, म्हणजे टंकलेली अक्षरे जेथे उमटतात ते ठिकाण, पॉइंटर असेल तेथे सरकतो आणि अर्धवट पत्रातील पुढचा मजकूर भलत्याच खिडकीत जातो. डोळस व्यक्तीला हा घोटाळा लगेच दिसतो. केवळ ऐकणाऱ्याला तो उशिरा उमगतो, आणि त्याचे कारण तर बहुधा उमगतच नाही.

विंडोज

विंडोज ११ मध्ये तीन बोटे वर सरकवल्यास उघड्या खिडक्यांचा आढावा दिसतो. ही आणि अशा इतर खुणा सेटिंग्जमधील टचपॅडच्या पानावर बंद करता येतात. तेथेच टॅपने होणारी क्लिक बंद करणे, संवेदनशीलता घटवणे आणि बाहेरचा माउस जोडलेला असताना टचपॅड निष्क्रिय ठेवणे हे पर्याय आहेत. अनेक लॅपटॉपांवर यासाठी स्वतंत्र कळही असते.

एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या स्पर्श-आज्ञा टचस्क्रीनसाठी आहेत, टचपॅडसाठी नव्हेत. एनव्हीडीए कळीसह एम दाबल्यास पॉइंटरखालील मजकुराचे वाचन थांबते. अनवधानाने होणारी क्लिक मात्र थांबत नाही. हा फरक लक्षात न आल्याने नवशिक्यांची फसगत होऊ शकते.

मॅक

ॲपलच्या व्हॉइसओव्हरने उलट मार्ग धरला. २००९ च्या मॅक ओएस एक्स १०.६ पासून त्यात ‘ट्रॅकपॅड कमांडर’ आहे. कंट्रोल व ऑप्शन कळा धरून दोन बोटे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास तो सुरू होतो, विरुद्ध दिशेने फिरवल्यास बंद. तो सुरू असताना ट्रॅकपॅड हा जणू समोरच्या खिडकीचा नकाशा बनतो. एक बोट फिरवत गेल्यास त्याखालील घटक ऐकू येतो, उजवीकडे झटका दिल्यास पुढचा घटक येतो आणि दोनदा टॅप केल्यास तो कार्यान्वित होतो.

कायम बंद ठेवावा का?

काही प्रोग्राम केवळ माउसलाच दाद देतात. तरीही ट्रॅकपॅड त्यासाठी अपरिहार्य नाही. एनव्हीडीएच्या लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट व एम या कळांनी पॉइंटर हव्या त्या घटकावर आणता येतो, आणि एनव्हीडीए कळीसह डावा चौकटी कंस दाबून क्लिक करता येते. मात्र पडदा मोठा करून पाहणाऱ्या अल्पदृष्टी व्यक्तींना, तसेच तोच लॅपटॉप वापरणाऱ्या घरातील डोळस माणसांना ट्रॅकपॅड लागतोच. अशा ठिकाणी तो कायमचा बंद करण्यापेक्षा चालू-बंद करण्याची कळ पाठ असणे अधिक सोयीचे ठरते.