कळफलकाची अडलेली कळ

कान्हे हे मावळ तालुक्यातील, पुणे-लोणावळा लोहमार्गावरील गाव. त्याचे नाव संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहावयाचे झाल्यास सहा कळा दाबाव्या लागतात : क, काना, न, हलन्त, ह आणि मात्रा. यांपैकी हलन्ताची कळ म्हणजे इंग्रजी ‘डी’ची कळ होय. ती अडली की ‘कान्हे’चे ‘कानहे’ होते. ‘जन्म’, ‘इयत्ता’, ‘विद्यालय’ हे शब्दही धड उमटत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अशी चूक राहिली, तर ती दुरुस्त करून घेण्याचा त्रास पुढे पालकांना पडतो.

मात्र एका कळेसाठी सबंध कळफलक निकामी ठरविण्याची घाई करू नये. प्रथम भाषा बदलून तीच कळ इंग्रजीत दाबून पाहावी. इंग्रजी ‘डी’ उमटत असेल तर कळ शाबूत असून दोष भाषेच्या योजनेत आहे. सर्वच कळा जड वाटू लागल्या, तर विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ ही सोय चुकून चालू झाली आहे काय, हे पाहावे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिल्यास ती सुरू होऊ शकते आणि मग चटकन दाबलेली कळ मोजली जात नाही.

इंग्रजीतही अक्षर उमटत नसेल, तर आतील रचना ध्यानात घ्यावी. सामान्य कळफलकात कळेच्या टोपीखाली रबराची लहान घुमटी असते. तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर वीजवाहक रेषा असतात, मधल्यास छिद्रे असतात. कळ दाबताच छिद्रातून दोन्ही रेषा एकमेकींस टेकतात व अक्षर उमटते. एकच रेषा अनेक कळांना जोडलेली असल्यामुळे ती ओलीने गंजून तुटली, तर कित्येक कळा एकदम मुक्या होतात. तेथे साफसफाईचा उपयोग नाही. कळफलक बदलणेच बरे.

एकटीच कळ खाली रुतून बसत असेल, तर बहुधा घाणीचा दोष असतो. मावळातील पावसाळी दमट हवेत खडूची धूळ चिकट होऊन कळेच्या कडेला बसते. अशा वेळी संगणक बंद करून कळफलकाची तार काढावी, तो पालथा धरून हळूच ठोकावा व मऊ कुंचल्याने फटी झाडाव्यात. तेवढ्याने न भागल्यास टोपी दोन्ही बाजूंनी अलगद उचलून खालील भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाने पुसावा व पूर्ण वाळू द्यावा. स्पेस, शिफ्ट व एंटर यांच्या टोप्यांखाली बहुधा तारेचा आधार असतो. त्या नवख्याने काढू नयेत. लॅपटॉपच्या टोप्यांनाही हात लावू नये, त्यांच्या नाजूक कड्या सहज मोडतात. शिवणयंत्राचे तेल घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा, तेलावर धूळ अधिकच साचते.

दुरुस्ती होईपर्यंत विंडोजमधील ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ उघडावा. पडद्यावरील हलन्तावर माऊसने टिचकी दिली की जोडाक्षर होते. ‘प्र’मधील रकार व रफार ही चिन्हे शिफ्टसह ३ व ४ या कळांवरही मिळतात, ‘कान्हे’मधील ‘न्हे’ मात्र पडद्यावरूनच लिहावे लागेल.