मांडव्याच्या वाळूंतील दोन त्रिकोण

भूमितीचें पुस्तक हातीं आलें कीं घरोघरीं मुलें 'बाकोबा, कोबाको, बाबाबा' असा घोष सुरू करितात, आणि माजघरांतील वडील मंडळींस तो एखाद्या नव्या ग्रामदैवताचा जप वाटूं लागतो. अर्थ साधाच आहे : बाजू-कोन-बाजू, कोन-बाजू-कोन, तिन्ही बाजू. दोन त्रिकोणांचीं एवढीं तीन अंगें जुळलीं म्हणजे उरलेलीं तीन आपोआप जुळतात व ते एकरूप ठरतात. मुलें हें परीक्षेपुरतें पाठ करितात; मनांतून मात्र म्हणत असतात कीं, जें डोळ्यांस सरळ दिसतें तें सिद्ध करण्याचा हा खटाटोप कशास? एक त्रिकोण कात्रीनें कापावा, दुसऱ्यावर ठेवावा, जुळला कीं झालें !

वडिलांनीं या शंकेची थट्टा करूं नये. खुद्द युक्लिडानें आपल्या पहिल्या भागांतील चवथा सिद्धांत असाच, एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून, साधला आहे. पुढील गणितज्ञांस ही उचलाउचल खटकली. हिल्बर्ट या जर्मन पंडितानें १८९९ मध्यें भूमितीचा पाया नव्यानें घातला, तेव्हां बाकोबाचा गाभा त्यानें गृहीतकांतच घेतला.

परंतु जो त्रिकोण उचलतांच येत नाहीं, त्याचें काय करावें? याचें उत्तर आम्हांस वाटतें फळ्यापेक्षां समुद्रकांठीं लवकर पटेल. रायगड जिल्ह्यांतील मांडवा हें गांव मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे आहे. गेटवेहून लाँचेनें तेथें जातां येतें. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसुद्धां बोटींतून उतरतात. सुट्टींत चार चुलतभावंडें बरोबर असलीं, तर ओहोटीच्या वेळीं त्यांस वाळूवर न्यावें. थोड्या अंतरावर एखादा मचवा नांगरून पडलेला असेल. पाण्यांत पाऊल न घालतां तो किती दूर आहे तें सांगावयाचें.

मचव्यास म म्हणूं. त्याच्या अगदीं समोर वाळूंत क ही काठी रोवावी. तेथून कम या दिशेशीं काटकोन करून किनाऱ्याच्या कडेनें पन्नास पावलें चालावें व ख ही काठी रोवावी. त्याच सरळ रेषेंत आणखी पन्नास पावलांवर ग. आतां समुद्राकडे पाठ करून, पुन्हां काटकोनांत, जमिनीच्या बाजूस चालूं लागावें व वारंवार मागें वळून पाहावें. ज्या जागीं खची काठी व मचवा एका रेषेंत दिसतील, तेथें थांबून घ ही खूण करावी. ग पासून घ पर्यंत जितकीं पावलें, तितक्याच पावलांवर क पासून मचवा !

कां? क व ग हे दोन्ही काटकोन. कख व खग या बाजू आपणच सारख्या घेतल्या. आणि ख पाशीं दोन रेषा एकमेकींस छेदतात, म्हणून तेथील विरुद्ध कोन समान. कोन, बाजू, कोन. मकख व घगख हे त्रिकोण एकरूप झाले, म्हणून मक व गघ सारख्या. एक त्रिकोण लाटांवर पसरलेला आहे, दुसरा वाळूवर. पहिला आणून दुसऱ्यावर ठेवणें कोणास साधणार नाहीं. तें काम येथें सिद्धता करिते. मुलांस हें एकदां दिसलें, कीं 'कशास?' हा प्रश्न तीं पुन्हां विचारीत नाहींत, असें आमचें मत आहे.

किनाऱ्यावरून गलबताचें अंतर काढण्याची युक्ति इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांतील ग्रीक थेलीझ याच्या नांवावर आहे. प्रोक्लस लिहितो कीं, एवढ्यावरूनच जुन्या इतिहासकारानें त्यास कोन-बाजू-कोनाचा सिद्धांत ठाऊक असला पाहिजे असें अनुमान केलें. त्याची नेमकी रीत कोणती, यावर पंडितांचे मतभेद आहेत. आम्हीं दिली ती त्यांतील सोपी. आपल्याकडे युक्लिड संस्कृतांत आला तो अरबीच्या वाटेनें : सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटांनीं अठराव्या शतकांत 'रेखागणित' रचलें, आणि तें १९०१-०२ मध्यें मुंबईंत छापून निघालें.

वाळूवर आहोंच तर मुलांची एक खोड मोडून घ्यावी. दोन बाजू व एक कोन सारखा, एवढ्यावर तीं 'एकरूप' म्हणून मोकळीं होतात. कोन त्या दोन बाजूंच्या मधला आहे कीं नाहीं हें पाहत नाहींत. एक लांब रेघ ओढावी, तिच्या टोकाशीं तिरपी काठी आडवी ठेवावी, आणि काठीच्या दुसऱ्या टोकास दोरी बांधून फिरवावी. दोरी काठीहून जराशी आंखूड असली, तर ती रेघेस दोन ठिकाणीं छेदिते. काठी तीच, दोरी तीच, रेघेवरचा कोनहि तोच. पण एक त्रिकोण अरुंद, दुसरा ऐसपैस. रेघेवरचा तो कोन काटकोन असला तर ही फसगत टळते, म्हणून पुस्तकांत कर्ण-भुजेची कसोटी वेगळी दिलेली असते.

काटकोन नजरेनें धरूं नये. दोरीस सारख्या अंतरावर खुणा करून तीन, चार व पांच भागांचा त्रिकोण ताणावा. तीन व चार यांच्या मध्यें काटकोन मिळतो. मचवा फार लांब असला तर ग पासून चालणारा मुलगा नारळीच्या वाडींत शिरेल व काठी दिसेनाशी होईल. अशा वेळीं खग हें अंतर पन्नासाऐवजीं पांच पावलेंच घ्यावें आणि गघ मोजून दसपट करावें. त्रिकोण मग एकरूप राहत नाहींत, समरूप होतात. तें प्रकरण पुस्तकांत पुढें आहे.