जीव वाचविणाऱ्यांची पदके : समुद्रावरची, आगीतली आणि आपल्या बांधावरची



दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी आणि तोडणी कार्यक्रमाबद्दल लिहितो. या खेपेला विषय थोडा वेगळा घेतला आहे, पण तो आपल्या शिवाराबाहेरचा नाही. दुसऱ्याचा जीव वाचविताना जे स्वतःचा जीव पणाला लावतात, त्यांना सरकार पदक देते. ही पदके कशी सुरू झाली, कोणाला मिळतात आणि आपल्या गावाचा त्यांच्याशी काय संबंध, हे सभासदांना माहीत असणे जरूर आहे.

पहिले पदक शेतकऱ्याला

इंग्लंडमध्ये १८६६ साली ‘आल्बर्ट पदक’ सुरू झाले. सुरुवातीला ते फक्त समुद्रावर जीव वाचविणाऱ्यांसाठी होते. त्याचे पहिले मानकरी कोणी दर्यावर्दी नव्हते. ते होते सॅम्युएल पॉपलस्टोन नावाचे, किनाऱ्यालगत शेती करणारे एक कूळ. त्यांच्या शेताखालच्या खडकावर वादळात जहाज फुटले. हा गडी दोर घेऊन कडा उतरला. लाटेने एकदा त्याला खडकावरून ओढून नेले, तरी तो पुन्हा वर आला आणि दोघा खलाशांना त्याने बाहेर काढले. पुढे १८७७ साली आग, खाण, रेल्वे अशा जमिनीवरच्या प्रसंगांसाठीही हे पदक देऊ लागले.

मुंबईच्या गोदीतली आग

आपल्या राज्यातला या बाबतीतला सर्वांत मोठा दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज लागले होते. जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस पिकविणाऱ्या आपल्या भागाला सांगायला नको, की गाठीत शिरलेली आग वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले. आग काही विझेना. खाली दारूगोळा आहे हे कळल्यावरही जवान नळ धरून उभे राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. धक्का थेट सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. शेकडो माणसे गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि २० तारखेपर्यंत सप्ताह साजरा होतो. हाताखालचे काम सोडून पळायला त्यांना वेळ होता, पण ते पळाले नाहीत, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

रामदास बोट आणि कोळी बांधव

यानंतर तीन वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली. बोटीवर सुमारे ७०० उतारू होते, त्यांपैकी सहाशेहून अधिक बुडाले. मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांनी आपली होडकी वळवली आणि हाती लागतील तेवढी माणसे वर ओढली. जे वाचले त्यांतले बरेच जण या होडक्यांमुळे वाचले. त्या वेळी स्वतंत्र भारताचे पदक अस्तित्वात नव्हते. स्वातंत्र्यालाच महिना बाकी होता.

आपले जीवन रक्षा पदक

भारत सरकारने १९६१ साली ही पदके सुरू केली. आज त्यांचे तीन दर्जे आहेत : सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. पदकावर अभय देणारा उघडा हात असून वर ‘मा भैषीः’ असे कोरलेले आहे. म्हणजे ‘भिऊ नकोस’. बुडणे, आग, विजेचा धक्का, दरड कोसळणे, जनावराचा हल्ला, खाणीतला अपघात अशा प्रसंगी कोणाचा जीव वाचविणाऱ्याला हे पदक मिळू शकते. स्त्री-पुरुष हा भेद नाही, आणि मरणोत्तरही ते देतात. पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या माणसाने ड्यूटीबाहेर असे काम केले तर तोही पात्र ठरतो. सोबत रोख रक्कम असते.

आता मुद्द्याची गोष्ट. पदक आपोआप घरी चालत येत नाही. राज्य सरकारमार्फत शिफारस जावी लागते, आणि प्रसंग दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. आपल्याकडे प्रसंग घडतो, पारावर चार दिवस चर्चा होते आणि विषय तिथेच संपतो. कागद कोणी करत नाही. विहिरीत पडलेले पोर काढणारा सालगडी किंवा पेटलेल्या कोपीतून लेकरे ओढून आणणारी तोडणी मजूर बाई स्वतःहून अर्ज करायला जाणार नाही. ते काम गावाने करायचे. प्रसंगाची तारीख, ठिकाण, वाचलेल्याचे नाव, पाहणाऱ्या दोघा-तिघांचे जबाब, पोलीस ठाण्यातली नोंद आणि ग्रामपंचायतीचा ठराव लगोलग तयार करून तहसील कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे. लिहिण्यात अडचण आली तर शेतकी गट कार्यालयात यावे, आम्ही मदत करू.

धाडस करा, पण जपून

पदकाच्या नादात कोणी जीव गमवावा असे आमचे सांगणे मुळीच नाही. चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

१. पोहता येत नसेल तर विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात उडी घेऊ नका. चऱ्हाट, कासरा, फुगवलेली ट्यूब टाका. प्रत्येक विहिरीवर दोर कायम ठेवा.

२. कोंदट विहिरीत कोणी बेशुद्ध पडला तर मागोमाग दुसऱ्याने उतरू नये. वायूने एकामागून एक जीव जातात.

३. ऊस पेटला तर वाऱ्याच्या दिशेने आगीपुढे फडात शिरू नका. आधी माणसे, पोरे आणि बैल बाजूला काढा. तारांमुळे आग लागली असल्यास वीज बंद झाल्याची खात्री करा. ऊस जळाला तरी कारखाना आहे, माणूस परत येत नाही.

४. १०१ किंवा ११२ वर लगेच फोन लावा.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. हजारो कुटुंबे दर हंगामात पाचटाच्या कोप्यांत राहतात, तिथेच चूल पेटते, तिथेच लेकरे निजतात. फडाच्या मालकाने कोप्यांमध्ये अंतर ठेवायला लावावे आणि पाण्याचा एक बॅरल भरून ठेवावा. तेवढ्यानेही एखादा जीव वाचेल, आणि ज्याला कोणी पदक देणार नाही असे ते काम असेल. तरी ते करावे. आणि ज्याने खरोखर जीव धोक्यात घालून कोणाला वाचविले, त्याचा कागद दोन वर्षांच्या आत पुढे पाठवावा, ही सर्व सभासदांना विनंती.