खोकला आणि बसलेला आवाज : ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

सर्दी होते, दोन दिवसांत खोकला लागतो आणि एका सकाळी तोंड उघडावे तर आवाजच फुटत नाही. अशा वेळी घरात, शेजारी आणि औषधाच्या दुकानात सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातले काही खरोखर उपयोगी असतात, काही निरुपद्रवी, आणि काहींपायी आठवड्याचे दुखणे महिन्यावर जाते. त्यांची पारख करायची तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: आवाज तयार होतो तो श्वासाच्या वाटेवर, अन्नाच्या वाटेवर नव्हे.

गळ्यावर हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या अगदी तोंडाशी, स्वरयंत्र असते. त्यातले दोन स्वरतंतू बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने थरथरतात. पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास. विषाणूंमुळे ते सुजले की जड होतात, त्यांच्या कडा नीट जुळत नाहीत. मग आवाज घोगरा होतो, मध्येच तुटतो किंवा नुसती हवाच बाहेर पडते. खोकताना हेच तंतू एकमेकांवर जोरात आपटतात. सुजेने खवखव, खवखवीने खोकला आणि खोकल्याने पुन्हा सूज, असे ते चालू राहते.

‘गुळण्या कर, आवाज मोकळा होईल’

गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि बंद होते. अन्नपाणी त्याच्या मागून अन्ननलिकेत उतरते. एक थेंब जरी चुकून आत गेला तरी जोराचा ठसका लागतो. त्यामुळे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध, काढा यांतले काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गुळण्यांनी घशाचे दुखणे कमी होते, म्हणून त्या जरूर कराव्यात. स्वरतंतूंवरचा ओलावा टिकतो तो शरीरात पुरेसे पाणी असेल तर. म्हणून एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा दिवसभर घोट घोट पाणी घेत राहावे.

थेट तिथवर पोचते ती वाफ. पण उकळत्या पाण्याचे पातेले पलंगावर ठेवून डोक्यावरून चादर ओढणे धोक्याचे आहे, भाजण्याचे अपघात असेच होतात. पातेले टेबलावर, हलणार नाही असे ठेवावे आणि लहान मुलांना अशी वाफ देऊच नये.

खडीसाखर किंवा लवंग चघळल्याने लाळ सुटते, आवंढा गिळला जातो आणि खोकल्याची उबळ टळते. मधानेही खोकल्याला आराम पडतो. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला तो बोटभरसुद्धा चाटवू नये, कारण त्यातून बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर मधाचे बोट ठेवण्याची आपल्याकडची हौस त्यासाठी सोडायलाच हवी. ज्येष्ठमधालाही मर्यादा आहे. चार दिवस ठीक, पण रोज चघळत राहिल्यास त्याने रक्तदाब वाढतो.

‘मोठ्याने बोलू नकोस, कुजबुज’

कुजबुजल्याने आवाजाला विश्रांती मिळते, असे सगळेच समजतात. प्रत्यक्षात पुष्कळ माणसे कुजबुजताना स्वरयंत्राचे स्नायू आवळून धरतात आणि ताण कमी होण्याऐवजी वाढतो. दोन-तीन दिवस शक्य तितके गप्प राहावे; बोलायचेच तर समोरच्याच्या जवळ जाऊन, हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावे. सतत खाकरणेही थांबवावे. घसा साफ झाल्यासारखा वाटतो, पण आत तंतूंवर तंतू घासले जातात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे.

गप्प राहा, हे सांगणे सोपे आहे. भरलेल्या वर्गात, रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवून तास घेणाऱ्या बाईंना, एसटीच्या कंडक्टरला, भाजीवालीला किंवा कीर्तनकाराला ते परवडत नाही. आवाज बसला म्हणून रजा मागितली तर ‘ताप तर नाही ना?’ असा प्रश्न येतो. हे मला अन्यायाचे वाटते. सुजलेल्या स्वरतंतूंवर महिनोन्महिने ओढून बोलले की त्यांवर गाठी धरतात, आणि त्या एका सुट्टीत जात नाहीत. आवाज बसलेला असताना मुलांकडून धडा वाचून घेणे, फळ्यावर लिहून देणे एवढे शिक्षक स्वतः करू शकतात. गळ्यात अडकवायचा छोटा माईक मात्र खडू-फळ्यासारखा शाळेनेच द्यायला हवा.

कार्यक्रमाआधी ‘एक इंजेक्शन घ्या आणि निभावून न्या’ असेही सांगितले जाते. स्टेरॉइडने सूज तात्पुरती उतरते, आवाज निघतो आणि माणूस दुखऱ्या तंतूंवर तीन तास गातो. त्यात स्वरतंतूंत रक्तस्राव झाला तर नुकसान कायमचे होऊ शकते. स्वरयंत्र आतून तपासल्याशिवाय असे इंजेक्शन घेऊ नये.

‘बेडका हिरवा झालाय, अँटिबायोटिक हवेच’

बेडक्याला हिरवा-पिवळा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या विकरामुळे. विषाणूंच्या आजारातही तो येतो. आवाज बसण्याचे कारण बहुतेक वेळा विषाणूच असतात आणि अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. गोंधळ होतो तो दिवसांच्या हिशेबात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार असा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो, लोकांना मात्र तो सात ते नऊ दिवसांत जाईल असे वाटते. सहाव्या दिवशी धीर सुटतो, गोळ्या सुरू होतात, खोकला आपल्या वेळेने ओसरतो आणि श्रेय गोळ्यांना जाते.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे पुन्हा बजावले. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला, श्वास आत घेताना घरघर, लाळ गिळता न येणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे यांतले काहीही दिसले तर मुलाला कडेवर बसते धरून तडक रुग्णालयात न्यावे. घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये. शेंगदाणे खाता खाता अचानक खोकला सुरू झाला असेल, तर दाणा श्वासनलिकेत गेल्याची शक्यता आहे. खोकला नंतर थांबला तरी दाखवावेच. लसी राहिलेल्या मुलात घटसर्पाचीही शंका घ्यावी लागते.

‘तंबाखूमुळे आवाज असाच राहतो, त्यात काय!’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला की क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षय स्वरयंत्रालाही होतो. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ न भरणे, रक्तदाबाच्या काही गोळ्या, घशापर्यंत येणारे आम्ल, थायरॉइड अशीही कारणे निघतात. पण तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल आणि तंबाखू, विडी, सिगारेट किंवा दारूची सवय असेल, तर स्वरयंत्र आतून पाहायलाच हवे. स्वरतंतूंवरचा कर्करोग इतर अनेक कर्करोगांच्या मानाने लवकर खूण दाखवतो. गाठ अगदी छोटी असतानाच आवाज बदलतो. त्या टप्प्यावर तो रेडिएशनने किंवा लेझरने बरा होण्याची शक्यता मोठी असते आणि बहुतेकदा आवाजही वाचतो.

या तपासणीची भीती बाळगू नये. १८५४ मध्ये मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. आजही डॉक्टर लांब दांड्याचा छोटा आरसा, वाफ धरू नये म्हणून गरम करून, घशाशी धरतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. नाहीतर नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, लवचीक दुर्बीण आत सरकवतात. समोरच्या पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या उघडमीट करताना दिसतात. सूज असेल तर त्या लालसर, फुगलेल्या असतात. काही मिनिटांत हे आटोपते. बधिरपणा उतरेपर्यंत मात्र काही खाऊ-पिऊ नये.