दिंडी उघडा, दरवाजा काढू नका!

बालमित्रांनो, हिरकणीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. रायगडावर दूध घालायला आलेली हिरकणी. संध्याकाळ झाली, गडाचे दरवाजे बंद झाले. खाली घरी तान्हं बाळ भुकेलेलं. तिने विनवण्या केल्या, पण पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही. मग ती बहाद्दर बाई अंधारात कडा उतरून घरी गेली. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्याच कड्यावर बुरूज बांधायला सांगितलं, अशी कथा सांगतात.

आता मला सांगा, सन्मानही केला आणि बुरूजही बांधला, असं का? कारण हिरकणी काही शत्रू नव्हती. पण ज्या वाटेने आई खाली उतरू शकते, त्याच वाटेने शत्रू वर चढू शकतो!

तुम्ही म्हणाल, ‘लेख तर कॉम्प्युटरवर आहे, मग रायगड कुठून आला?’ थांबा, तिकडेच निघालोय आपण. अगदी हाच पेच आज तुमच्या घरातल्या किंवा शाळेतल्या कॉम्प्युटरवर पडतो. तुम्ही इंटरनेटवरून एखादं ॲप उतरवून घेता, मोठ्या हौसेने त्यावर टिचकी मारता, आणि पडद्यावर सूचना येते : हे ॲप कोणी बनवलं ते पडताळता येत नाही, म्हणून उघडलं नाही. झालं! हिरमोड. मग कोणी मित्र सांगतो, ‘अरे, ती सुरक्षा बंद करून टाक, लगेच चालेल.’

करावी का बंद? उत्तर देण्याआधी त्या पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ.

पहारेकरी काय तपासतो?

ॲपल या अमेरिकन कंपनीच्या मॅक कॉम्प्युटरमध्ये 2012 साली, माउंटन लायन नावाच्या आवृत्तीबरोबर एक पहारेकरी आला. त्याचं नावच मुळी ‘गेटकीपर’! त्याच वर्षी आलेल्या विंडोज 8 मध्येही ‘स्मार्टस्क्रीन’ नावाचा पहारेकरी होता. आजही दोघे आपापल्या दारावर उभे आहेत.

कोरोनाच्या दिवसांत बाहेरगावाहून आलेल्या माणसाला क्वारंटाइन करायचे, आठवतं ना? मॅकही तेच करतो. ब्राउझरमधून फाइल उतरली, की तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटते. चिठ्ठीचं नावही क्वारंटाइनच. ती फाइल पहिल्यांदा उघडताना गेटकीपर पुढे येतो आणि बघतो, हिच्यावर मोहोर आहे का?

ही मोहोर म्हणजे डिजिटल सही. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटातून येतात. सील शाबूत असेल तर दोन गोष्टी कळतात. पाकीट बोर्डाकडूनच आलंय आणि वाटेत कोणी उघडलेलं नाही. डिजिटल सहीसुद्धा या दोनच गोष्टी सांगते. ॲप कोणाचं आहे आणि वाटेत कोणी त्यात ढवळाढवळ केली आहे का. ॲपमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी सही जुळत नाही.

ही सही करण्यासाठी प्रोग्रामर मंडळींना ॲपलकडे नाव नोंदवावं लागतं. त्याची वर्षाची फी 99 डॉलर. शिवाय 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून आणखी एक पायरी आली. बाहेर वाटायचं ॲप आधी ॲपलकडे पाठवायचं, तिथे यंत्राकडून त्यात व्हायरस वगैरे आहे का ते तपासून घ्यायचं, आणि मग त्याला पावती मिळते. गेटकीपर ती पावतीही बघतो.

विंडोजचा पहारेकरी आणखी एक गोष्ट विचारतो. ही फाइल आजवर किती जणांनी घेतली? तिचा लौकिक काय? ओळखीची नसेल तर निळी पाटी दाखवून तो वाट अडवतो.

अडवलेले सगळेच चोर नसतात

हे सगळं मी चौथीच्या वर्गात सांगत होते, तेव्हा शेवटच्या बाकावरून एक प्रश्न आला, “बाई, कॉम्प्युटर आपला, पैसे आपण दिले, मग परवानगी त्या कंपनीची कशाला?”

प्रश्न बिनतोड आहे, बरं का! आणि तो मोठी माणसंही विचारतात. जगात कितीतरी प्रोग्रामर असे आहेत, जे नोकरी सांभाळून रात्री जागून एखादं उपयोगी ॲप तयार करतात आणि फुकट वाटतात. दरवर्षी 99 डॉलर ते कुठून आणणार? काही ॲप तर इतकी जुनी, की तेव्हा ही मोहोर नव्हतीच. उद्या तुमच्यापैकीच कोणी छानसा खेळ तयार केला आणि मावसभावाला पाठवला, तर त्याचा मॅक तुमच्यावरही संशय घेईल! या सगळ्या हिरकण्याच. पहारेकऱ्याला त्यांचं मन दिसत नाही, त्याला फक्त मोहोर दिसते.

‘ओळखत नाही’ आणि ‘वाईट आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहारेकरी बहुधा पहिली सांगत असतो. सूचना नीट वाचा. ‘यात घातक प्रोग्राम आहे’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर विषय संपला, ती फाइल थेट कचरापेटीत. पण ‘पडताळता येत नाही’ असं म्हटलं असेल, तर पडताळायचं काम आता आपल्याकडे आलं.

जाणकारच फसले, त्याची गोष्ट

‘पण आम्हाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं!’ असं कोणी म्हणत असेल, तर ही खरी घडलेली हकिगत वाचा.

आयफोनची ॲप ज्या साधनाने तयार करतात, त्याचं नाव एक्सकोड. ते ॲपल फुकट देते, पण फाइल अवाढव्य. 2015 साली चीनमध्ये ॲपलकडून ती उतरवायला फार वेळ लागायचा. मग काही प्रोग्रामर मंडळींनी जवळची वाट धरली. बायडू या चिनी कंपनीच्या फाइल ठेवण्याच्या सेवेवर एक्सकोडच्या प्रती कोणीतरी ठेवल्या होत्या. त्या भराभर उतरत. लोकांनी त्या घेतल्या.

पण त्या प्रतींमध्ये कोणीतरी गुपचूप चार ओळी जास्तीच्या घुसवल्या होत्या! अर्थात ॲपलची मोहोर तुटलेली होती. गेटकीपर जागेवर असता, तर त्याने हे सांगितलं असतं. पण पहारेकऱ्याला बाजूला सारून ती प्रत आत घेतली गेली.

पुढे काय झालं? त्या प्रतीने तयार केलेल्या प्रत्येक ॲपमध्ये त्या चोरट्या ओळी आपोआप शिरल्या. बनवणाऱ्याला पत्ताच नाही! पिठाच्या डब्यात खडे पडले, की प्रत्येक भाकरीत कचकच येणारच. अशी ॲप ॲपलच्या स्वतःच्या दुकानातही पोचली. चीनमधलं घराघरांतलं वुईचॅट हे ॲपसुद्धा त्यात सापडलं. या ओळी फोनची माहिती गोळा करून दूर कुठेतरी पाठवत होत्या. सप्टेंबर 2015 मध्ये हा प्रकार उघडकीला आला. अलीबाबा कंपनीच्या संशोधकांनी त्याला नाव दिलं एक्सकोडगोस्ट, म्हणजे एक्सकोडमधलं भूत! ॲपलने ती ॲप दुकानातून काढून टाकली आणि प्रोग्रामर मंडळींना बजावलं, एक्सकोड आमच्याकडूनच घ्या आणि गेटकीपर चालू ठेवा.

किती जणांना हे भूत लागलं होतं? 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात ॲपलची जुनी पत्रं बाहेर आली, तेव्हा आकडा कळला. अडीच हजारांहून जास्त ॲप आणि ती उतरवून घेणारे सुमारे 12 कोटी 80 लाख लोक! दार काढलं मूठभर लोकांनी आणि चोर शिरला कोट्यवधी घरांत.

मोहोर असली तरी डोळे उघडे

आता उलटी गोष्ट. मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशन नावाच्या एका चांगल्या, फुकट ॲपच्या अधिकृत संकेतस्थळावरच कोणीतरी फाइल बदलली. बदललेल्या फाइलवर मोहोरही होती, खरीखुरी! फक्त ती ट्रान्समिशनवाल्यांची नेहमीची नव्हती, दुसऱ्याच कोणाच्या नावावर नोंदवलेली होती. गेटकीपरने मोहोर पाहिली आणि आत सोडलं. हा चोर तीन दिवस गप्प बसे, मग कॉम्प्युटरमधल्या फाइलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी एक बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 400 डॉलर, खंडणी मागे. संशोधकांच्या वेळीच लक्षात आलं, ॲपलने ती मोहोर रद्द केली आणि पुढचं नुकसान टळलं.

म्हणजे पहारेकरी असला तरी आपण घोरत पडायचं नाही. महत्त्वाच्या फाइलींची, फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलेली असली, की असल्या खंडणीखोराला आपण खुशाल म्हणू शकतो, ‘जा, नाही देत!’

मग करायचं काय?

जुन्या वाड्यांचे, किल्ल्यांचे दरवाजे पाहिले आहेत ना? प्रचंड दरवाजा, आणि त्यातच एक छोटंसं दार. त्याला दिंडी म्हणतात. एका माणसाला आत घ्यायचं तर दिंडी उघडायची. त्यासाठी कोणी अख्खा दरवाजा उखडून ठेवत नाही!

कॉम्प्युटरमध्येही अशी दिंडी आहे. मॅकमध्ये ॲप अडवलं गेलं, की सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या पानावर जायचं आणि खाली सिक्युरिटीच्या भागात यायचं. तिथे ‘ओपन एनीवे’ असं बटण दिसतं. म्हणजे ‘तरीही उघड’. अडवल्यापासून साधारण तासभरच ते तिथे असतं. ते दाबलं, की पासवर्ड मागितला जातो आणि त्या एकाच ॲपला आत येण्याची मुभा मिळते. बाकीच्यांसाठी पहारा तसाच राहतो. विंडोजच्या निळ्या पाटीवर आधी ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ अशी वाट असते.

पूर्वी मॅकमध्ये ‘कुठूनही आलेलं ॲप चालेल’ असा पर्याय सरळ यादीतच असे. लोक एकदा तो निवडत आणि विसरून जात. दरवाजा कायमचा सताड उघडा! 2016 च्या सिएरा आवृत्तीत तो यादीतून गेला. 2024 च्या सिकोया आवृत्तीत राइट क्लिकची जवळची वाटही बंद झाली. कड्यांवर बुरूज चढताहेत, दुसरं काय!

दिंडी उघडण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, हे कोणी केलं? बनवणाऱ्याचं नाव आहे का, की नुसतंच ‘फ्री डाउनलोड’ लिहिलंय?

दुसरा, कुठून आलं? बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून की भलत्याच ठिकाणाहून? एक्सकोडची गोष्ट विसरू नका. वस्तू चांगली होती, दुकान खोटं होतं.

तिसरा, हे मागतंय काय? चित्रं रंगवायच्या ॲपला मायक्रोफोन कशाला हवा?

आणि एक खूणगाठ पक्की बांधा. महागडा खेळ फुकटात मिळतोय आणि सोबत सूचना आहे, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’, तर तिथेच थांबा. घरात येण्याआधी ‘कुत्रा बांधून ठेवा’ म्हणणारा पाहुणा एक वेळ चालेल. ‘कुत्रा सोडून द्या, कुलूपही काढा’ म्हणणारा पाहुणा कसला?

करून पाहा

ॲपमध्ये बदल झाला हे कॉम्प्युटर कसं ओळखतो? वही-पेन्सिल घ्या. क=1, ख=2 असे ओळीने अंक द्या, ङ आणि ञ सोडू नका. म्हणजे म=25 आणि ल=28 येतील. आता ‘कमल’ची बेरीज करा. 1+25+28=54. कोणी ‘कमल’चं ‘कमळ’ केलं तर? ळ=34, बेरीज 60. चोरी पकडली! पण ‘कलम’ केलं तर? बेरीज पुन्हा 54. चोर निसटला!

मग युक्ती करा. पहिल्या अक्षराला 1 ने, दुसऱ्याला 2 ने, तिसऱ्याला 3 ने गुणून बेरीज करा. ‘कमल’ 135 आणि ‘कलम’ 132. आता सापडला!

खरे कॉम्प्युटर याहून कितीतरी कठीण गणित करतात. त्यातलं एक आहे एसएचए-256. अख्ख्या ॲपचा ते 64 चिन्हांचा ठसा काढतं. काही संकेतस्थळं हा ठसा ॲपशेजारीच छापतात, म्हणजे तुम्हाला जुळवून पाहता येतो.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना वेगळं, साधं खातं उघडून द्या आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवा. पण मूल विचारायला आलं, तर ‘नको म्हटलं ना!’ म्हणून हाकलू नका. शेजारी बसून वरचे तीन प्रश्न मिळून विचारा. नाहीतर पुढच्या वेळी ते न विचारताच कडा उतरेल.

तर दोस्तांनो, या आठवड्यात एवढंच करा. घरच्या कॉम्प्युटरचा पहारेकरी जागा आहे की कोणी त्याला सुट्टी दिली आहे, ते मोठ्यांना सोबत घेऊन बघा. आणि हो, तुमच्या नावाचा आकडा किती येतो तेही काढा. काना-मात्रा सोडून द्या हं!