ड्रम-ब्रेकविषयी काही रूढ समज

बोरघाट, कसारा किंवा खंबाटकी उतरून आलेल्या जुन्या मालमोटारीचा ब्रेक नीट लागत नाही अशी तक्रार आली, की चाक उघडण्यापूर्वीच ‘लायनर गेले’ असा निकाल देण्याची जी रीत आपल्याकडील कित्येक गॅरेजांत रूढ आहे, तिच्यापायी पुष्कळदा नवे लायनर बसतात, मालकाचे पैसे खर्ची पडतात आणि मूळ तक्रार मात्र जागच्या जागी राहते. वास्तविक तेलाच्या दाबाने चालणारा ड्रम-ब्रेक आपली कैफियत प्रथम पेडलवर मांडतो, आणि ती ऐकून घेतल्याखेरीज पान्याला हात घालणे हा निव्वळ उतावीळपणा होय. हवेच्या ब्रेकांची तऱ्हा निराळी; त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पेडल खाली गेले म्हणजे तेल घालावे, हा पहिला समज. पेडल पहिल्या दाबाला खोल जाते, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबताच वर येऊन कठीण होते, तेव्हा शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढले आहे असे मानावे, आणि लायनर शिल्लक असल्यास नुसत्या अ‍ॅडजस्टिंगने काम भागते; पायाखाली ते लिबलिबीत लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे, कारण दाबाखाली हवा आकसते, तेल जवळजवळ आकसत नाही; आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू बसत चालले, पण बाहेर कोठेही ओल नाही, तर मास्टर सिलिंडरमधील रबर आतल्या आत दाब सोडत आहे. ब्रेक ऑइल जळून जाणारी वस्तू नव्हे. लायनर झिजतील तशी टाकीतील पातळी अगदी संथपणे उतरते. दर आठवड्याला तेल घालावे लागत असेल तर गळती शोधली पाहिजे. त्यासाठी व्हील सिलिंडरच्या टोकावरील रबरी टोपण बोटाने किंचित उचलून पाहावे. आतून पातळ तेल ओघळले, तर तो सिलिंडर गेला. मागच्या चाकात मात्र दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेले तेल आढळले, तर ते क्राउनकडून आलेले असते आणि दोष हबच्या सीलचा असतो. ब्रेकचा त्यात काडीचाही अपराध नसतो.

ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते, सबब डावा ब्रेक बिघडला, हा तर्क सरळ दिसतो, पण बहुधा उलटा ठरतो. गाडी ओढली जाते ती ज्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो त्या बाजूला. म्हणून तपास उजव्या चाकापासून सुरू करावा, जेथे पिस्टन गंजून अडकलेला किंवा लायनर तेलाने माखलेला सापडण्याचा संभव अधिक. अर्थात थोडेसेच तेल लागलेला लायनर कधीकधी उलट झटक्याने धरतो, तेव्हा दोन्ही चाके उघडून पाहिल्याशिवाय खातरजमा होत नाही. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसविण्याची काटकसर करू नये, आणि लायनर बदलावयाचे ते एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम.

घाटाच्या पायथ्याशी तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतण्याचा प्रघात तर सर्वांत घातक. ड्रम बिडाचा असतो. एकाएकी निवल्याने त्याला तडे जाण्याचा धोका असतो. उतारावर ब्रेक मंदावतो तो ‘थकल्या’मुळे नव्हे: तापून फुगलेला ड्रम शूपासून दूर सरतो आणि अतितप्त लायनरची घर्षणशक्तीही उतरते. यावर औषध पाण्यात नसून गिअरमध्ये आहे. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, तोच उतार त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या आवरावर उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे; डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा मनुष्य सारा भार चार-सहा ड्रमांवर टाकतो.

लेथवर ड्रम कितीही वेळा घासून घेता येतो, हाही भ्रमच. महत्तम व्यासाचा आकडा बहुतेक ड्रमांवर ओतलेला असतो. तो ओलांडला की पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि ब्रेक अधिक लवकर मंदावतो.

अडचणीच्या वेळी टाकीत इंजिन ऑइल घालण्याची शक्कल पुढे फार महाग पडते, कारण खनिज तेलाने आतील रबर फुगते, ब्रेक अडकून बसतात आणि सर्व रबरे बदलून नळ्या धुऊन काढाव्या लागतात. योग्य तेलही चिरकाल टिकत नाही: डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण हवेतील ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि घाटात उकळलेल्या तेलाची वाफ पेडलला हवेसारखीच लागते.

ड्रम उघडल्यावर आतील भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपावी. काम संपल्यावर मोकळ्या, सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवून आणावी आणि ड्रमला न शिवता प्रत्येकाजवळ तळहात धरून पाहावा: एखादा इतरांहून फारच तापला असेल तर तेथील शू मागे फिरत नाही, आणि एखादा अगदीच थंड राहिला असेल तर तेथे ब्रेक लागतच नाही.